हिस्कियाच्या अक्षरातली वही

११ जून, मंगळवार. विंडहूक

ट्रकच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना विचारून केलेल्या नाहीत. तरी चढले! मागून नात रोझविता ढकलत होती, वरून नवा ड्रायव्हर ओढत होता. मधे मी — पिठाचं पोतं.

तिच्या सफारी कंपनीच्या स्वयंपाक्यानं हात मोडून घेतला आणि रोझवितानं माझं नाव पुढे केलं. खोरिक्सासच्या वसतिगृहात एकोणतीस वर्षं तीनशे पोरांना लापशी घातली मी. आठ पाहुण्यांचं काय घेऊन बसलात!

वहीची अडचण होती, मला लिहिता येत नाही. घरी पाद्रीणबाई दर रविवारी येऊन लिहून घेते. इथं कोण? या ड्रायव्हरला विचारलं — हिस्किया नाव, किनाऱ्याकडचा, पन्नाशीचा, बोलतो कमी. "अक्षर कसं आहे रे?" म्हणाला, "शाळेत बक्षीस मिळालं होतं, औमा." औमा म्हणजे आजी — नात म्हणते तसं हाही म्हणायला लागला! मग घे पेन. गाळायचं नाही, वाढवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. आईची शपथ घ्यायला लावली. "आई गेली माझी," म्हणाला. मग तर शपथ जास्तच घट्ट!

१२ जून

कांदे चिरताना रोझवितानं सांगितलं. डोळ्यांत पाणी कांद्याचं की कशाचं, कळेना.

ही सफर म्हणजे तिची परीक्षा आहे. चार वर्षं ती दुसऱ्या गाइडच्या हाताखाली राबली. आता पहिल्यांदाच सगळी गाडी तिच्या हातात. पास झाली तर तिला तिची स्वतःची सफर — वाळवंट, किनारा, सीमेपलीकडचा पाणथळ मुलूख. वर्षातून दोनदा घरी. नापास झाली तर संपलं. दुसरी संधी देत नाहीत.

आणि परीक्षक कोण ते सांगत नाहीत म्हणे! तो याच गाडीत असतो, साधा माणूस बनून. तो बघतो, शेवटी कागद पाठवतो.

"आठांतला कुठला?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, औमा. आणि तू शोधायला जाऊ नकोस हं."

मी कशाला शोधते! मी फक्त बघते.

हिस्कियाला लिहिता लिहिता खोकला आला. धूळ फार आहे, म्हणाला.

१३ जून. एतोशा

सापडला! टोपीवाला.

पाहुण्यांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी आपली ठेवलीत. टोपीवाल्याकडे छोटी वही आहे. दर पाच मिनिटांनी काढतो, खाली मान घालून लिहितो, परत खिशात. पाणवठ्यावर सिंहीण पाणी प्यायला आली, सगळे श्वास धरून बसले — हा दुसरीकडेच बघून लिहितोय. सिंहीण सोडून माणूस काय लिहील? रोझविता काय बोलली तेच!

ती बोलली छान. आवाज चढवत नाही. "खिडकीतून हात आत घ्या, ती आपल्याकडे बघत नसली तरी आपल्याला मोजतेय," म्हणाली, आणि आठही हात आत. माझा पण.

तरी ती जरा अडखळली की मी टोपीवाल्याच्या पेनाकडे बघते.

१४ जून

टोपीवाल्याला शेळीच्या मटणातला मऊ तुकडा तीनदा वाढला. खातो गिधाडासारखा, लिहिणं थांबवत नाही.

१६ जून, रविवार. खोरिक्सास

घरावरून गेलो. दार बंद. शेळ्या शेजारच्या सोलोमनकडे. माझी तांबडी शेळी कुंपणापाशी उभी होती, तिनं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

हिस्किया, आता लिही ते नीट लिही.

रोझविता चार वर्षांची होती तेव्हा तिची आई माझ्या दारात तिला ठेवून गेली, ती परत आली नाही. माझ्या झग्याचा घोळ धरून पोर वाढली. आता ती त्याच रस्त्यानं जाईल आणि मी रोज रस्त्याकडे बघत बसेन. मी म्हातारी आहे. वर्षातून दोनदा म्हणजे माझ्या हिशेबानं किती वेळा उरले? मोज की! तुला अंक येतात.

म्हणून मनात येतं — नापास झाली तर.

"औमा, हे लिहू?"

मग काय, गिळू? लिही.

१७ जून

रोझवितानं दिवसभर वाट दाखवली, तंबू ताणले, एकीच्या पायातला काटा काढला, आणि भाकरी करपली ती माझी चूक असून हसून खाल्ली. मी हिस्कियाला कालचं पान फाडायला सांगितलं. हिस्किया म्हणतो, फाडायचं नाही असं तुम्हीच ठरवलंत. गाळायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं! ऐकत नाही.

१८ जून. हुआब नदीचं कोरडं पात्र

हळू लिही. आज बरंच सांगायचंय.

पात्रात उतरण्याआधी हाइत्सी-आइबिबचं थडगं लागतं. हा आमचा जुना शिकारी इतक्या वेळा मेला आणि उठला, की आमच्या मुलखात त्याची थडगी विहिरींपेक्षा जास्त! दगडांचा ढीग असतो. जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा आणि पुढे जायचं. मीच म्हटलं, थांबव गाडी. परीक्षेचे दिवस आहेत, वरच्या कुणाचा तरी हात असू दे.

रोझवितानं पाहुण्यांना सांगितलं, एकेक दगड ठेवा. टोपीवाल्यानं ढिगातलाच एक उचलला. मी ओरडले, "अहो, त्याच्याच अंगावरचा काढून त्यालाच देता? बाहेरून आणा!" समजलं, हसला, नदीच्या वळणाकडे दगड शोधत गेला.

मी मागे वळून कढई बांधायला घेतली. हिस्किया मागचा टायर बघत होता. मला आकडे लिहिता येत नाहीत, पण मोजता येतं. वाडग्यात शेळी शिरली की डब्यात एक खडा — आयुष्यभर असंच मोजलं, एक शेळी चुकली नाही. तर कानानं मोजत होते. खट्, खट्. आठ वेळा. आठ दगड, आठ माणसं.

रोझविता पुढे नकाशा घेऊन. "औमा, सगळे झाले?"

"आठ."

"बघितलंस ना? सगळे?"

"अगं आठ म्हटलं ना! शेळ्या मोजताना कधी चुकले?"

निघालो. पुढच्या सीटवर बसायची पाळी पाहुण्यांत रोज बदलते. आज टोपीवाल्याची होती. मागच्यांना वाटलं, तो पुढे बसलाय. पुढच्यांना वाटलं, आज धुळीला कंटाळून मागे बसला असेल.

अर्ध्या तासानं चहाला थांबलो. मी आठ पेले भरले. सात हात पुढे आले. आठवा पेला नुसता वाफाळत राहिला.

मग पाहुण्यांतली पांढऱ्या केसांची बाई हळूच म्हणाली, "मी दगड दोन ठेवले होते. एक माझा. एक माझ्या नवऱ्याचा. तो गेल्या वर्षी वारला."

रोझविताचं तोंड राखेसारखं झालं. तिनं पेला खाली ठेवला — टाकला नाही, ठेवला. "हिस्किया, मागे वळा."

परतीला आमच्याच चाकांच्या खुणा वाळूत दिसत होत्या. त्यांच्यावर हत्तीचे पाय. ताजे. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मला ते बघवेना आणि नजरही हटेना.

टोपीवाला एका खडकावर बसलेला. खडकाच्या आणि आमच्या मधे सुळेवाला नर, एकटा, झाड हलवून शेंगा पाडत होता. रोझवितानं इंजिन बंद करायला लावलं. खिडकीतून तळहात दाखवला — हलू नका. टोपीवाला हलला नाही. हत्ती एक शेंग उचली, खाई, कान हलवी, आमच्याकडे वळे, परत शेंग. उन्हं सरकली. कुणाला तहान लागली तरी बाटली उघडेना. मी आमच्या भाषेत ओठांतल्या ओठांत हत्तीला म्हणत होते — बाबा, पोट भरलं असेल तर निघ, आमची चूक झाली, म्हातारी मोजायला चुकली.

निघाला शेवटी. सावकाश, पाहुणचार घेऊन निघाल्यासारखा.

टोपीवाला धावत आला. हातात चपटा, सुरेख दगड. तो तेवढा वेळ धरून बसला होता! थडग्यापाशी परत थांबलो. त्यानं ठेवला. नववा.

रोझविता सगळ्यांसमोर उभी राहिली. "चूक माझी. मोजायचं काम माझं होतं." एवढंच. माझं नाव नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कुणी माग काढू नये म्हणून.

मी तोंड उघडलं, तर तिनं गुपचूप माझा हात दाबला. इतका जोरात की बोट दुखतंय अजून.

१९ जून. ब्रँडबर्गचा पायथा

तिनं कंपनीला फोन करून स्वतःच कळवलं. मी म्हटलं, "अगं वेडे, माणूस जिवंत आहे, खूश आहे, कशाला?"

"औमा, तू चहासाठी दूध आण."

म्हणजे गप्प बस.

हिस्किया, आता जे सांगते ते इथंच राहू दे. काल हत्ती समोर असताना, माणूस वाचेल की नाही ठाऊक नसताना, माझ्या मनात आलं — झालं. नापास. आता घरी राहील. आणि मला बरं वाटलं! एका श्वासाइतकं. मग अंगाला असा घाम सुटला की झगा भिजला.

मी मुद्दाम चुकले नाही. शपथेवर सांगते. पण तो श्वास माझाच होता.

परीक्षक भेटला तर त्याचे पाय धरून सांगेन — पोरीनं दोनदा विचारलं होतं. दोनदा! मी दोन्ही वेळा आठ म्हटलं, आणि वर तिलाच गप्प केलं. पण त्याला ओळखायचं कसं? टोपीवाल्याशी बोलायला गेले, त्यानं हसून माझ्या लापशीचं कौतुक केलं. कसला मेला कसलेला माणूस!

हिस्कियाचं पेन थांबलं की नुसता वाट बघतो.

२० जून

रोझविता आता माणसं तीनदा मोजते. बोटानं. मलाही मोजते.

२१ जून. केप क्रॉस

धुकं. सीलांचा तो वास — हजारो जनावरं किनाऱ्यावर, सगळी एकदम ओरडतात, प्रत्येक आई आपलं पिल्लू आवाजावरून शोधते. मी बघत उभी राहिले. मग नको झालं, गाडीत येऊन बसले.

टोपीवाल्याची वही वाऱ्यानं उडाली, मी पकडली. रोझविताला म्हटलं, बघ बघ, काय लिहिलंय तुझ्याबद्दल! तिनं उघडली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली. पक्षी! नुसते पक्षी! तारीख, पक्षी, जागा. सिंहिणीच्या दिवशी — एक टिटवी.

अठरा तारखेच्या पानावर तेवढा एक हत्ती.

म्हणजे इतकं मटण वाया! आणि आता कोण? पांढऱ्या केसांची बाई? की कुणीच नाही, ड्रायव्हर लोकांनी उठवलेली अफवा? हिस्कियाला विचारलं. म्हणाला, "औमा, मला गाडी चालवायला सांगतात, मी चालवतो."

२३ जून, रविवार. स्वाकोपमुंड

सगळे गळ्यात पडले. टोपीवाल्यानं रोझविताचा हात बराच वेळ धरला. ती हसत होती, पण ओठ पांढरे.

हिस्किया इथून त्याच्या घरी जाणार. ट्रकच्या सावलीत बसून हे शेवटचं लिहितोय. मधेच पेन उचलून विचारतो, "अठरा तारखेचं — तिनं दोनदा विचारलं होतं, हे नक्की?"

"तूच लिहिलंस की रे!"

"लिहिलं. विचारतोय."

"नक्की. माझ्या तांबड्या शेळीची शपथ."

मान हलवली. हेही लिहितो म्हणाला. लिही बाबा, जागा आहे.

माणूस चांगला. फक्त बोलत नाही. बायको कशी काढते दिवस, कुणास ठाऊक!

४ जुलै, गुरुवार. खोरिक्सास, घरी

अक्षर वेगळं आहे. रोझविता लिहितेय.

कंपनीचा कागद आला. खाली सही — हिस्किया. परीक्षक तो होता!

तिनं तीनदा वाचून दाखवला. पास. कारण गाइडनं दोनदा विचारलं होतं, आणि चूक झाल्यावर कुणाच्या पाठीमागे लपली नाही. पुढच्या वेळी स्वतः मोजावं. हिस्किया लिहितो, मीही मोजलं नाही, ही माझी चूक. स्वयंपाकीण उत्तम, मोजायला ठेवू नये.

सोमवारी निघेल ती.

तिला म्हटलं, मागची पानं वाचायची नाहीत. हो म्हणाली. पण हिस्कियानं एका पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय. माझ्या बोटाला लागतो. ते एकोणीस तारखेचं, त्या श्वासाचं आहे का, मला वाचता येत नाही, आणि तिला विचारायचा धीर होत नाही.

पण हे सगळं तिलाच लिहायला लावलं. म्हणजे विचारून झालंच की!