वैदिणीने धनुष्य घेतलं

रविवार, दुपारी

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. पत्रात वाकायला कंबर दुखत नाही, म्हणून दोनदा.

कानातलं नवीन यंत्र कसं आहे? मागच्या खेपेला फोनवर मी विचारलं, जेवलात का, आणि तुम्ही म्हणालात, "मंगळवारी." म्हणजे ते नीट बसलेलं दिसत नाही. दुकानदाराला एकदा दाखवून या. इकडे ठीक आहे. घरमालकाने छताची गळती एकदाची बुजवली. ऑफिसात मला खिडकीजवळची जागा मिळाली आहे. परवा चढावर सिग्नलला थांबले होते आणि मागचा माणूस हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता. तुम्ही शिकवलंत तसं केलं. आधी क्लच, मग श्वास, मग गाडी. तसूभरही मागे सरकली नाही.

फोनवर आपण दोघी औषधं आणि जेवण यांच्या पलीकडे जात नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळात रोज भेटतो, पण तिथे तुमचा नियम आहे, खेळात घरचं बोलायचं नाही. मग उरलं पत्र.

तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत म्हणे, "आमची सून कॉम्प्युटरमध्ये जकात वसूल करते." हे ऑफिसात सांगितलं आणि तेव्हापासून माझं नाव जकातवालीच पडलं. तसं ते फार चुकीचंही नाही. आपल्या खेळात राक्षस मेला की मोहरा पडतात. त्या येतात कुठून? कुठूनच नाही, हवेतून. माणसं दिवसभर राक्षस मारतात आणि दिवसभर मोहरा पडत राहतात. त्यांना बाहेर जायला वाटा ठेवल्या नाहीत तर जुन्या खेळाडूंचे बटवे फुगतात, बाजार चढतो आणि नवीन आलेल्याला साधी तलवार परवडत नाही. हा खेळ बनवणाऱ्या ऑफिसात त्या वाटा ठेवणं हे माझं काम. हत्यारांची दुरुस्ती, नावेचं भाडं, वेशीवरचा कर. आणि सगळ्यांत मोठी वाट म्हणजे घडणघर. शिकलेली विद्या पुसून पात्र नव्याने घडवायचं असेल तर तिथे जायचं आणि घसघशीत किंमत मोजायची.

ती किंमत तुम्हाला मी सांगायला नकोच.

आई, तुम्ही मुळात वैदीण होणाऱ्यांतल्या नव्हेच. उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात गेलेलं, अंगात हुकूम भिनलेला. तुम्ही खरं तर धनुष्य नाहीतर भाला घ्यायचात. पण तुमच्या धाकट्याने, माझ्या नवऱ्याने, ढाल्या म्हणजे ढालवाला घेतला. अंगात बळ खूप, धीर नावाला नाही. जिथे तिथे आधी घुसायचा आणि मरायचा. म्हणून तुम्ही वैदीण झालात, त्याला उठवायला. जेवणं आटोपली की तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचात आणि मी मागे खुर्ची ओढून. तुमचं ते "अरे, मंत्र तरी पुरा होऊ दे माझा" मला अजून ऐकू येतं. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्यांदा परकं वाटायचं थांबलं ते त्या खुर्चीवर.

मग तो गेला. आजारपण नाही, काही नाही. सकाळी कामाला निघाला आणि जिन्यातच कोसळला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. लोक येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. तुम्ही नाही फिरवलात. तुम्ही एक दिवस खोलीचं दार उघडून आत आलात आणि किल्ल्या माझ्या मांडीवर टाकल्यात. म्हणालात, या ऑफिसातून मुलाखतीला बोलावणं आलंय, तू सांगितलं नाहीस तरी मी पाकीट पाहिलं, आणि गाडी तू चालवायचीस. शिकवणीची ती गाडी, दोन ब्रेकची. सगळा रस्ता मी रडत चालवली. एका वळणावर तर ट्रक अंगावरच येत होता. तुम्ही शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतात. तुमच्या पायाखाली ब्रेक होता, आणि तुम्ही तो एकदाही दाबला नाहीत.

आई, मी आज जी काही उभी आहे ती त्या न दाबलेल्या ब्रेकमुळे. हे तोंडाने कधी म्हणता आलं नसतं.

नोकरी मिळाली आणि मी या शहरात आले. पुढे कामाच्या निमित्ताने खेळात शिरले तेव्हा एका सकाळी दलदलीच्या कडेला वैदीण दिसली. एकटी. वाकून मुळ्या उपटत होती. मी ओळखलं नसतं तरच नवल. एकट्या वैदिणीला साधा ससाही मारता येत नाही. पुढे जायचं तर घडणघराची पायरी चढायला हवी, आणि तिथली किंमत मुळ्या विकून जमवायची म्हणजे महिनोन्‌महिने तेच काम. मी ऑफिसातली. एक बटण दाबून तुमचा बटवा भरू शकले असते, आणि तेवढ्यापुरतं औषधं-जेवण सोडून मी तुम्हाला फोनवर विचारलंही. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांना जो भाव, तोच मला." आणि जेवलीस का म्हणून विचारलंत.

आता त्या ओंडक्याबद्दल.

दलदलीच्या कडेला एक आडवा पडलेला ओंडका आहे, तुम्ही त्यावर बसता. आधी तिथे काहीच नव्हतं. एके दिवशी तो दिसला, तेव्हा मी आमच्या नकाशेवाल्याकडे गेले. हा आमच्याकडे डोंगर, नद्या, रानं घडवतो. बोलतो कमी. त्याला विचारलं, हा ओंडका कोणी सांगितला? तो ओशाळला. म्हणाला, कोणी नाही. तिथे एक वैदीण रोज सकाळी येते. पूर्वी तिच्याबरोबर एक ढालवाला असायचा, आता नसतो. काम झालं तरी ती तिथेच उभी राहते. "मला ते बघवेना. बसायला काहीतरी असावं म्हणून टाकला." मग घाईघाईने म्हणाला, तुझी हरकत असेल तर काढतो.

त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आई. ती वैदीण कोण, ढालवाला कोण, माझा त्यांच्याशी काय संबंध, काहीच नाही. मी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन म्हटलं, राहू दे.

त्याच सुमारास साहेबांनी बैठक घेतली. मोहरा फार झाल्या होत्या, बाजार चढला होता. साहेबांचं म्हणणं, घडणघराची किंमत दुप्पट करा. मी आधी तिथे कोण येतं ते बघितलं. ज्यांचे बटवे फुगलेत ते येतच नाहीत, त्यांच्यापाशी पाच-पाच पात्रं आहेत. येतात ते चुकून भलतीच विद्या घेतलेले नवशिके, आणि ज्यांचा जोडीदार खेळ सोडून गेला ते. मी म्हटलं, प्रत्येकाला एकदा नव्याने घडायला फुकट द्या, आणि सोनेरी घोडे, महाल, रंगीत झुली यांच्यावर कर बसवा. साहेब म्हणाले, श्रीमंत खेळाडू चिडून निघून गेले तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. बैठकीत सगळे टेबलाकडे बघायला लागले. नकाशेवाला तेवढा म्हणाला, "तिच्याबरोबर मीपण."

श्रीमंतांनी आठवडाभर शिव्या घातल्या आणि मग दुप्पट घोडे घेतले. माणसं अशीच असतात. बाजार उतरला, नवशिक्याला तलवार परवडायला लागली आणि साहेबांनी मला खिडकी दिली.

फक्त एक झालं. नियम बदलायच्या आधीच, अगदी त्याच आठवड्यात, तुम्ही पूर्ण किंमत मोजून घडणघरातून बाहेर आला होतात. पाठीला धनुष्य लावून. मला कळलं तेव्हा मी जागेवरच कपाळाला हात लावला. मोहरा परत करायची सोय आहे, तुम्ही मागितल्या की मिळतील. मागाल असं वाटत नाही.

आता जे लिहायचं आहे ते. मघापासून दोनदा चहा करून झाला.

नकाशेवाला आणि मी गेलं वर्षभर दुपारचं जेवण एकत्र जेवतो. त्याला मी सगळं सांगितलं आहे, धाकट्याचं, तुमचं, ती वैदीण तुम्ही हेही. ते ऐकून तो म्हणाला, ओंडका जरा नीट करायला हवा होता. त्याने मला लग्नाचं विचारलं आहे. मी हो म्हटलेलं नाही. मला हो म्हणायचं आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते तोंडातून निघत नाही. तुमच्या मुलाला मी विसरले, असं तुम्हाला एक दिवस जरी वाटलं तरी मला नको आहे हे.

कचेरीत सही करूनच करू, गाजावाजा नाही. साक्षीदार लागतात. माझ्या बाजूने सहीला तुम्ही याल का, हे विचारायला हात धजत नव्हता. विचारलं. नाही म्हणालात तरी मी तुमचीच आहे, आणि रोज सकाळी खेळात येणारच.

तुमची,
अजून तरी सून


गुरुवार

चि. जकातवालीस,

आशीर्वाद. यंत्र उलटं घातलं होतं. आता शेजारच्या काकू भिंतीपलीकडे काय बोलतात तेही ऐकू येतं, आणि ते ऐकण्यासारखं नाही.

तुझं पत्र वाचलं आणि उठून भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, लागलं. तुझ्यावर राग नाही. धाकटा असता तर तुझं हे पत्र आलं नसतं, एवढंच मनात आलं. ते लागणं माझं आहे, माझ्याकडेच राहू दे. तू ते अंगाला लावून घेऊ नकोस.

तुझं काहीतरी शिजतंय हे मला आधीच कळलं होतं. माणूस वळणार आहे हे इंडिकेटर लागायच्या आधी त्याच्या खांद्यावरून कळतं, माझी हयात त्यातच गेली. फोनवर तू पूर्वी "मी जेवले" म्हणायचीस, वर्षभर "आम्ही जेवलो" म्हणतेस.

मोहरा परत घेणार नाही. किंमत उतरवलीस ते फार चांगलं केलंस, लोकांना त्रास कशाला. पण माझं वेगळं होतं. फुकट मिळालं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी धनुष्य घेतलं असतं आणि मग त्या पात्राकडे बघवलं नसतं मला. मुळ्या उपटता उपटता रोज थोडं थोडं मन तयार झालं. एक दिवस बटवा भरला तेव्हा लक्षात आलं, की आता जायला हरकत नाही. मला ते दिवस लागत होते. तुला तुझे लागले. माझ्यासाठी तू आणखी थांबू नकोस.

आणि मी तुझ्यासाठी काही केलं असं लिहिलंस. त्या दिवशी ट्रक आला तेव्हा माझा पाय ब्रेकवरच होता. तू सावरलीस म्हणून दाबावा लागला नाही. हे तुला कधी सांगणार नव्हते. पण आभार मानायचे तर माझेही घे. पोर गेल्यावर घरात कोणीतरी रडणारं होतं, म्हणून मला उठून किल्ल्या शोधाव्या लागल्या. नाहीतर मीही दुसऱ्या खोलीचं दार लावून बसले असते.

ओंडका वाकडा आहे, पण बसायला बरा आहे. त्याला तसं सांग. आणि खेळात यायचं असेल तर ढाल घेऊन यायचं नाही, हेही सांग. ती जागा भरायची नाही. बाकी काहीही होऊन ये म्हणावं, मला पुढे चालायला सोबत चालेल.

साक्षीदार म्हणून सही मी करणार नाही. साक्षीदार काय, कचेरीच्या दारातला फोटोवालाही होतो. मी मुलीकडची म्हणून येणार, पुढच्या खुर्चीत बसणार, आणि तो मला घ्यायला स्टँडवर येणार. गाडी मी चालवीन. तो कसा बसतो ते बघायचंय मला.

तारीख कळव.

तुझी आई,
त्याची सासू