अंबाडी आंबट असते

रास अल खैमा
शुक्रवार, २७ फेब्रुवारी १९९८

प्रिय सिद्धार्थ,

हे पत्र पर्णिकाच्या हातून पाठवतेय. खालच्या मजल्यावरच्या स्मिताची मुलगी आज संध्याकाळच्या विमानाने मुंबईला निघालीय, उद्या पुण्यात पोचेल. पाकिटात तुझ्या जन्मदाखल्याची झेरॉक्स आहे, असं तिला सांगितलंय. न सांगता दुसऱ्याच्या हाती काही सोपवणं काय असतं ते याच आठवड्यात मला चांगलं कळलंय, तरी मी तेच करतेय. तू फोन करू नकोस, लाइनवर कुणी ऐकत असेल. इथून आलाच तर हो-नाही एवढंच बोल, असं बाबांनी बजावलंय. बॅग भरायला घेतली असशील तर आधी हे शेवटपर्यंत वाच. बुधवारी दुपारी आपल्याकडे पोलीस आले होते. तुझी सहा रोपं घेऊन गेले, माझा आणि बाबांचा पासपोर्ट घेऊन गेले, आणि उद्या सकाळी आठला मला बोलावलंय. तोवर लॅबचा रिपोर्ट येईल म्हणे.

पहिल्यापासून सांगते. अर्धं सांगून अर्धं पोटात ठेवायची मला तुझ्यासारखी सवय नाही. तू डिग्रीवर मंत्रालयाचे आणि इथल्या वकिलातीचे शिक्के आणायला भारतात गेलास, त्याच्या चौथ्या दिवशी मी मोठं पातेलं काढायला स्टोअररूम उघडली. तू दाराला कुलूप लावलं होतंस, पण किल्ली जागच्या जागी, मिठाच्या बरणीमागे. एवढी अक्कल तुला अजून आलेली नाही. आत ट्यूबलाइट चालू, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि खाली फळीवर कागदी पेल्यांत सहा रोपं. पाच-पाच, सात-सात बोटांची पानं. मी कोकणातली, अंबाडीचं झाड उभं कधी पाहिलेलं नाही, परभणीला तुझ्या आजीकडे जुड्या तेवढ्या निवडल्यात. मला वाटलं, अंबाडी! मार्चमध्ये बाबांना पन्नास पूर्ण होतायत, शारजाच्या त्या हैदराबादी दुकानात वर्षातून दोनदा येणाऱ्या मलूल जुडीसाठी हा माणूस तासभर गाडी चालवतो, म्हणून लेकाने गुपचूप अंबाडी लावली. सिद्धू, मी त्या स्टोअररूममध्ये उभी राहून रडले रे. किती शहाणा झालाय, म्हटलं.

पण शहाण्याला रोपांचं काही कळत नाही, हेही दिसत होतं. पेल्यांच्या बुडातून पांढरी मुळं बाहेर आली होती, बिचारी जागा शोधत होती. कोपऱ्यात तू आणलेली काथ्याच्या भुशाची वीट होती, पंधरा दिरहमचं लेबल लावलेली. पंधरा दिरहम म्हणजे दीडशे रुपये! तुझ्या आजोबांच्या, बापूंच्या वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काथ्या पिंजल्यावर हाच भुसा ढिगाने पडायचा आणि तो कुणी न्यावा म्हणून बापू लोकांना चहा पाजायचे. त्या भुशात मी लहानाची मोठी झालेय, त्यामुळे मला राहवलं नाही. वीट बादलीत भिजवली, फुगून ती पाचपट झाली. मग तो भुसा तीन पाण्यांनी धुतला, कारण नारळाची सोडणं खाडीत कुजवलेली असतात, भुशात मीठ राहतं आणि ते कोवळ्या मुळांना पोळतं. तुला हे माहीत होतं का? बाबांच्या फॅक्टरीतून आलेल्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तापल्या खिळ्याने भोकं पाडली. देठ दोन बोटांत धरून एकेक पेला उलटा केला, बुडावर टिचकी मारली, तर मुळांनी आत पेल्याचाच आकार घेतला होता. ती हलक्या हाताने सोडवली, नव्या बादलीत ठेवली, भोवतीने भुसा सैल भरला, दाबला नाही. सहाच्या सहा लावून झाल्यावर कंबर मोडली होती, पण इतकी खूश मी या वाळवंटात क्वचित झालेय. दोन दिवस माना टाकून होती, तिसऱ्या दिवशी ताठ. मग म्हटलं, जितीजागती रोपं अंधारात कशाला कोंडायची? सगळ्या बादल्या उचलून पुढच्या गॅलरीत उन्हाला ठेवल्या, रस्त्याच्या बाजूला. बाबांना सांगितलं, वाढदिवसापर्यंत गॅलरीत पाऊल टाकायचं नाही, तिथे माझं काम चाललंय. त्यांनी टाकलं नाही.

एकदा पान तोडून चावून पाहिलं. आंबट नाही, उलट कडवट, आणि बोटांना तो उग्र, चिकट वास. मी काय समजूत घातली माहीत आहे? काथ्यात आंबटपणा धरत नसेल. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई मी, आणि जिभेने स्पष्ट सांगितलं तरी ऐकलं नाही.

तुझंही ऐकलं नाही, तेही लिहिते. मागच्या गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी कौतुकाने सांगितलं, सिद्धू, तुझी रोपं मोठ्या बादल्यांत लावली हो, आता हातभर झालीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास, “आई, जस्ट थ्रो देम. प्लीज. टुडे.” मी का विचारलं, तर पुन्हा तेच. मी चिडले. महिनाभर जपलेलं रोप कुणी असं फेकतं का, गुपित फुटलं म्हणून एवढा राग, असं काहीबाही बोलून मीच फोन ठेवला. त्या एका फोनात तू एक शब्द जास्त बोलला असतास तर मी त्याच संध्याकाळी सगळं उपटलं असतं. तू तो बोलला नाहीस. आणि मी तुझी आई असून तुझ्या आवाजातली भीती मला ओळखता आली नाही. दोघांनी मिळून हे केलंय, सिद्धार्थ.

बुधवारी महाशिवरात्रीचा उपास होता, म्हणून पानं खुडली नाहीत, नाहीतर त्याच दिवशी भाजी करून स्मिताकडेही वाटी पाठवणार होते. अकराला एसी दुरुस्त करणारा मल्याळी राजन आला. गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला. “चेची, ये क्या है?” मी म्हटलं, सब्जी है, हमारे गाँव की, लेके जाओ थोडी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझा पदर नीट नाही. एसी उघडाच टाकून, हत्यारांची पिशवी घेऊन तो निघून गेला. त्याला मी दोष देत नाही. त्यालाही गावी मुलं आहेत, आणि पाहून गप्प राहिलेल्याचं इथे काय होतं ते त्याला माहीत असणार. दोन वाजता बेल वाजली.

चौघे होते. तीन अधिकारी आणि एक दुभाष्या, हिंदी बोलणारा, वयस्क. आवाज चढवला नाही कुणी. उलट चपला बाहेर काढल्या. मी सरबत केलं, ते कुणी प्यायलं नाही. दुभाष्याने विचारलं, “ये पौधा किसने लगाया?” आता तूच सांग, मी काय म्हणणार? मी लावली होती ना मोठ्या बादल्यांत, या हातांनी. म्हटलं, “मैंने लगाया, साब. पहले छोटे प्याले में था, फिर...” त्याने हात वर केला, “खलास,” म्हणाला आणि अरबीत लिहून घेतलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मी सही केली. मग त्याची नजर टीव्हीवरच्या तुझ्या डिग्रीच्या झग्यातल्या फोटोवर गेली. बेटा है? कहाँ है? कब आएगा? मी मूर्खासारखी फुशारकीने सगळं सांगितलं. जबल अलीत नोकरी लागलीय, नवा व्हिसा झालाय, मंगळवारी सकाळच्या विमानाने येणार, इन्शाल्ला. विमान कुठलं तेही सांगितलं. त्याने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी बाबा आले. गॅलरीत एक तुटकी फांदी पडली होती ती त्यांनी उचलली, नाकाशी नेली आणि खाली बसले. म्हणाले, “अंबाडी आंबट असते, कुमुद. हा गांजा आहे.” बस, एवढंच. कालपासून समोरच्या किराणा बकाल्यापाशी एक पांढरी गाडी उभी आहे. वरच्या मजल्यावरची हाफिजा जिन्यात भेटली, तर तिने मुलीला ओढून भिंतीकडे घेतलं. सतरा वर्षं ती ईदची बिर्याणी आपल्याकडे पाठवतेय. तिचाही राग येत नाही. राग येतो तो तुझा. कुणासाठी लावलीस, पिण्यासाठी की विकण्यासाठी, हे मी विचारणार नाही. उत्तर ऐकायची माझ्यात ताकद नाही. तुला माफ केलं असंही लिहीत नाही, कारण अजून केलेलं नाही.

बाबा म्हणतात, उद्या वकील घेऊ आणि जबाब दुरुस्त करू: हिने फक्त बादली बदलली, बी हिने पेरलं नाही. मी मान हलवली. पण ती दुरुस्ती झाली की पुढचा प्रश्न एकच उरतो, पेरलं कुणी, आणि त्याचं उत्तर मंगळवारी सकाळी विमानातून उतरणार. म्हणून हे पत्र. येऊ नकोस. या मंगळवारी नको, पुढच्या नको, मला किती वर्षं दिली हे कानावर आलं तरी नको. तुझा जन्म इथला आहे, हे घर तुझं आहे, मला कळतं; तरी आता पुण्यातच रुज. उद्या मला पुन्हा विचारतील, किसने लगाया, आणि मी पुन्हा तेच सांगणार, मैंने लगाया. पुढचं वाक्य या वेळी मी स्वतःच बोलणार नाही. बाबांना हे अजून माहीत नाही. तू कधी खरं सांगायला धावत आलास तर माझा शब्द खोटा पडेल आणि आपण दोघेही आत जाऊ, मग बाबा एकटे. आणि हे काही खोटं नाहीच. रोपं मी लावली. जीवही मीच लावला. पत्र वाचून झालं की गॅसवर जाळ, पर्णिकासमोर नको. किल्ली मिठाच्या बरणीमागे ठेवलीय, बाबांना लागेल.

तुझीच,
आई