मशीनची तीन पाती

२ सप्टेंबर १९७८
रंधा मशीन आली. बंद पडलेल्या आरागिरणीच्या लिलावातली, वापरलेली, पण बॉडी एक नंबर. आमच्या महाल मोहल्ल्याच्या गल्लीतून चार हमालांनी ठेल्यावर आणली, अख्खी गल्ली पाहायला उभी होती. फिरत्या रोलरमधली तिन्ही पाती तेवढी दातेरी झालीत. नवी मागवली. मी स्वतः बसवणार. आयटीआयमध्ये सहा महिने काय झक मारली?
नानाजी चाळीस वर्षं हातरंधा मारतात. मला रंधा धरायलाही त्यांनीच शिकवलं. आता एकसष्टीला थोरल्या भावानं आराम करायला नको? त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली नि विचारलं, किस्ना, मंग मी काय करू गा? म्हटलं, तुम्ही फक्त बसून पाहा. खूश दिसले.

९ सप्टेंबर, दुपारी ४
पाती आली. संकल्प : उद्या फिटिंग, सोमवारपासून प्रॉडक्शन. कोणाला विचारायचं नाही. टेक्निकल काम आहे.

१० सप्टेंबर, रविवार
पाती बसवली. बोल्ट गच्च आवळले. फळी टाकली तर मशीन अशी थरथरली की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. फळीवर नुसत्या लाटा. व्होल्टेज लो आहे.

१४ सप्टेंबर
व्होल्टेज ठीक आहे. तीनपैकी एकच पातं लाकडाला लागतं, बाकीची दोन फुकट फिरतात. सैल केली, वर घेतली, आवळली. आवळताना सरकतात. पात्यांचा दोष. अंगठा कापला, थोडासाच.
बायको गोपिका म्हणाली, थोरल्या भासऱ्यांना विचारून तर पाहा. म्हटलं, त्यांना हातरंध्याचं माहीत, मशीनचं काय कळतं? नानाजी बाजूलाच पटाशीला धार लावत होते. ऐकलं नसावं.

१९ सप्टेंबर
सकाळी बोल्ट आणायला सक्करदऱ्याला गेलो. परत येऊन सहज फळी टाकली. काचेसारखी निघाली. लोखंडाला बसायला वेळ लागतो, हे आज समजलं. म्हणजे रविवारची फिटिंग बरोबरच होती. गोपिका म्हणते, तुम्ही गेल्यावर भासरे तासभर मशीनपाशी उकिडवे बसून होते, हातात पाना होता. पुसत असतील.

२४ सप्टेंबर
काम धडाक्यात. नानाजी ओट्यावर बसून असतात. आज म्हणाले, एखादी फळी हातानं करू का? म्हटलं, काहून त्रास घेता, आराम करा. म्हणाले, आरामच करून राहिलो गा. मग थोड्या वेळानं म्हणाले, काटोलले रवींद्रकडे जाऊन राहावं म्हणतो. त्यांचा मुलगा आहे, बोलावतो दरवर्षी. पण जाणार नाहीत. वहिनी गेल्यापासून इथंच आहेत, महाल सोडून करमणार आहे का त्यांना? माझ्याशिवाय तर मुळीच नाही.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
अवजारांची पूजा. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. फोटोवाला बोलावला होता. नानाजी आपला हातरंधा तेल लावून, पुसून घेऊन आले. मशीनवर जागा नव्हती. म्हटलं, खाली ठेवा कुठंतरी, एक पूजा सगळ्यांना पोचते. त्यांनी रंधा धोतराच्या सोग्यात गुंडाळला नि आत गेले. फोटोला आले नाहीत. डोकं दुखत असेल.

११ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटत गल्ली पालथी घातली. जो तो मशीनचं विचारतो, सांगता सांगता उशीर झाला. घरी आलो तर नानाजी निजलेले. दरवर्षी पहिलं सोनं त्यांच्या हातावर ठेवून पाया पडतो. यंदा राहिलं. उद्या देऊ. आपट्याची पानं एका दिवसात सुकत नाहीत.

१२ ऑक्टोबर
नानाजी सकाळच्या बसनं काटोलला गेले. मी झोपेत होतो. अवजारांची पेटीही नेली. गोपिका रडते आहे. उगाच. चार दिवसांत येतील, दिवाळीला तर नक्कीच.

१८ ऑक्टोबर
जुन्या दाराची फळी मशीनमध्ये टाकली, आत खिळा होता. पाती गेली. नवा सेट आणला. मीच बसवतो, आता अनुभव आहे.

२२ ऑक्टोबर
बसत नाहीत. चार दिवस झाले. लोखंडाला वेळ देऊन पाहिला, तरी बसत नाहीत.

२३ ऑक्टोबर
काटोलला गेलो. बसमध्ये वाक्य घोकत होतो : नानाजी, चुकलो, घरी चला. त्यांच्यापुढं उभा राहिलो नि तोंडातून निघालं, पाती बसत नाहीत. ते म्हणाले, एवढंच होय, चाल. नि चपला घातल्या.
दुपारी महालात. त्यांनी मशीनच्या मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवली, तिचं टोक रोलरवर येऊ दिलं, नि रोलर हातानं फिरवला. पातं पट्टीला जरासं पुढं ढकलतं. तिन्ही पात्यांनी दोन्ही टोकांना तेवढंच ढकललं पाहिजे, बस. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे. पहिलं पातं त्यांनी लावलं, दुसरं माझ्याकडून लावून घेतलं. तिसरं मी एकट्यानं लावलं, ते हात मागं बांधून उभे होते. म्हणाले, झालं, आता तुले माही गरज नाही पडत.
मी म्हटलं, पाचची बस मिळेल ना? असं काहून म्हटलं, मलाच कळत नाही. गोपिकानं भाकरी टाकली होती. दोन घास खाऊन गेले.

३१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आले नाहीत. स्टँडवर दोनदा जाऊन आलो, गोपिकाला सांगितलं फटाके पाहायला गेलो होतो. मशीन उत्तम चालते. मला करमत नाही. सकाळी उठलो की हातरंध्याचा आवाज ऐकू येईल असं वाटतं.

३ नोव्हेंबर
एक पातं माझ्या हातानं सैल केलं. काटोलला कार्ड टाकलं : पाती हलली, जमत नाही, लवकर यावे. कार्डात खाली चार ओळींची जागा उरली होती. काय लिहावं सुचलं नाही. याच कामासाठी ते येतील, हे नक्की. गोपिकाला म्हटलं, त्यांची खाट बाहेर काढून ठेव.

१० नोव्हेंबर
कार्ड आलं. अक्षर रवींद्रचं, बोलणं नानाजींचं. पट्टी ठेवजो. रोलर हातानं फिरवजो. बोल्ट एकदम आवळू नको. याच्यासाठी मी यायची गरज नाही, जमते तुले.
सकाळपासून गेलेली लाइट तीन वाजता आली. पातं बसवायला घेतलं. अर्धा तास लागला. पहिल्याच फळीला बरोबर निघालं.