चारशे बारा ग्रॅमचा टॉवेल

ती. ताईच्या सेवेशी, धाकट्याचा दमट नमस्कार.

तिकडे सगळी खुशाल असालच. भावोजींचे गुडघे कसे आहेत? (आभाळ भरून यायच्या आधी डावा दुखतो की उजवा, हे मागे विचारायचं राहिलं. जमल्यास आठवडाभर नोंद ठेवून कळवणे.) हे फोनवरच विचारलं असतं, पण फोन भावोजी उचलतात आणि तू आंघोळीला गेली आहेस असं सांगतात. गेल्या रविवारी तू चार वेळा आंघोळीला गेली होतीस. एवढ्या आंघोळी करणाऱ्या बाईला टॉवेलचं महत्त्व मी पामराने काय सांगावं! म्हणून पत्र लिहायला घेतलं.

विषय टॉवेलचाच आहे. गेल्या वर्षी पाऊस जातो जातो म्हणत असताना तू पंधरा दिवसांसाठी आलीस आणि तिसऱ्या दिवशी परत गेलीस. बाथरूममधून तू ओरडलीस की निळा टॉवेल ओला आहे. मी म्हणालो, सकाळपासून दोरीवर होता म्हणजे वाळलेलाच असणार, तुला भास होतोय. इथे माझं चुकलं असं भावोजींचं मत आहे. (तुला भास होतो असं त्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही, म्हणून गुडघे सोडून त्यांचं बाकी सगळं शाबूत आहे.) तू बॅग भरलीस आणि दारातून म्हणालीस, "तुझ्या घरात वाळलेला टॉवेल मिळेल त्या दिवशी कळव." तू रागाने म्हणालीस, मी ते प्रश्नपत्रिकेसारखं घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा?

निवृत्तीच्या वेळी शाळेने मला भंगारात निघालेला तराजू दिला होता, तो माळ्यावरून काढला. वजनांच्या पेटीत पाच ग्रॅमचं वजन नाही, त्याऐवजी कोटाचं एक बटण वापरतो. ऐन उन्हाळ्यात तो निळा टॉवेल तीन दिवस गच्चीवर तापवून वजन घेतलं. चारशे बारा ग्रॅम. चारशे वीसच्या आत आला तर वाळलेला, असं मी ठरवलं. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात एकदम तीनशेच आले आणि मी खूश झालो. मग लक्षात आलं की टॉवेल पारड्यातून ओघळून टेबलावर टेकला होता. तेव्हापासून त्याची गुंडाळी करून दोऱ्याने बांधतो.

आता हवेबद्दल. ताई, हे पावसाचे शेवटचे दिवस म्हणजे मोठं कोडं आहे. रेडिओवरचा माणूस रोज सांगतो की पाऊस परतीला लागला. सकाळी आभाळ स्वच्छ, ऊन असं की डोकं भणभणतं. अकराला टॉवेल बाहेर टाकावा, दोनपर्यंत तो चारशे चाळीसवर येतो, आपण आशेने चहा ठेवतो, आणि धो धो! गंमत म्हणजे चार महिने पाऊस समुद्राकडून, पुढच्या खिडकीने आला. आता स्वयंपाकघराच्या खिडकीने येतो, डोंगराकडून, गडगडाट करत. समुद्र पुढे असताना मागच्या बाजूने पाणी आणतो कुठून? मासेवालीला विचारलं. ती म्हणाली, "त्याला कशाला विचारता? जायची घाई तुम्हाला आहे, त्याला नाही." याहून चांगलं उत्तर रेडिओवाल्याकडेही नव्हतं.

त्याहून चमत्कारिक म्हणजे, बंद खोलीत ठेवलेला टॉवेल रात्रीतून पंधरा ग्रॅमने वाढतो. थेंबभर पाणी लागलेलं नाही, तरी सकाळी जड. नुसती हवाच पितो! मी दोन रात्री मीठही शेजारी ठेवून पाहिलं, त्याचं पाणी झालं. ही गेल्यापासून दोरीवर माझ्या एकट्याचेच कपडे असतात. जागा भरपूर, वाराही भरपूर, तरी वाळत काही नाही.

शेवटी गेल्या मंगळवारी मी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचे पाय धरले. पाव गार करायच्या फळीवर, भट्टीच्या कडेला, त्याने टॉवेल ठेवू दिला. अट एकच, प्रश्न विचारायचे नाहीत. (अकराच विचारले.) तराजू मी सोबत नेलाच होता. चारशे नऊ! म्हणजे उन्हाळ्याहूनही कमी. गिऱ्हाइकं पाव सोडून बघायला लागली. टॉवेल बिस्किटांच्या डब्यात घातला, झाकण दाबलं आणि निघालो. दुसऱ्या वळणावर पावसाने गाठलं. मी नखशिखांत भिजलो, डबा नाही भिजला. घरी येऊन वजन केलं, चारशे अकरा.

आता साक्षीदार हवा, नाहीतर तू कसली विश्वास ठेवतेस. समोरच्या निवृत्त नर्सबाई तेवढ्यात बाहेरून आल्या, त्यांना हाक मारली. त्याही चिंब. मी टॉवेल पुढे करून प्रयोग समजावून सांगणार, तोवर त्यांनी तो घेतला आणि तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला, शेवटी छत्रीचा दांडाही पुसला. म्हणाल्या, "वा, काय खडखडीत वाळलाय हो!" पुरावा गेला, पण साक्ष मिळाली.

तरी तुझी अट पुरी झाली आहे, हे कळवण्यास आनंद होतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
(तूच ठेवलेल्या नावाने) शंकासुर

ता. क. नर्सबाईंची सही याच कागदाच्या पाठीवर घेतली आहे. शाई फुटली आहे, त्याला इलाज नाही.

ता. क. २. पाकीट बंद करताना पुन्हा सुरू झाला. येताना घरून दोन टॉवेल आणलेले बरे. आमच्या निळ्याला आता पावाचा वास येतो.

ता. क. ३. एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी तुझी रिक्षा वळली तसा मी वर आलो आणि तराजू काढून, तू न वापरताच टाकलेला तोच टॉवेल वजनाला लावला होता. चारशे शहाण्णव. वहीच्या पहिल्याच पानावर आहे. तेव्हा आकडा नुसताच लिहून ठेवला, पण उन्हाळ्यात चारशे बारा आले आणि वजाबाकी करावीच लागली. चौऱ्याऐंशी ग्रॅम पाणी, ताई. ओलाच होता. हे कबूल करायचं टाळण्यासाठी मी सगळा पावसाळा मोजत बसलो. घर फार शांत आहे गं. पाऊस जायची वाट बघू नकोस, तो काही जात नाही. फोन कर. कधीही कर, मी आंघोळीला गेलेलो नसेन.