कोरा रकाना

स्टेट कॉलेज, १४ ऑक्टोबर २००६

ती. बाबा,
आश्लेषाचा नमस्कार, पण रागावलेला.

मी वेळेवर जेवते, थंडीचा कोटही घेतला.

चिनी वनस्पतींची इंजेक्शनं सुरक्षित आहेत का, हे मी इथे विद्यापीठात जुन्या चाचण्यांच्या रिपोर्टांवरून तपासते. निम्म्या रिपोर्टांत 'दुष्परिणाम' हा रकाना कोराच आहे. सर म्हणाले, कोरा म्हणजे शून्य धर. मी साफ नाही म्हटलं. पेशंटला कुणी विचारलंच नाही, तर शून्य आलं कुठून?

घरी आले तर तुमचं पत्र: 'इकडे सर्व क्षेम.' गुडघ्यासाठी वैद्यांचं झाडपाल्याचं इंजेक्शन घेतलंत आणि अंगभर गांधी उठल्या, हे आईने फोनवर सांगितलं. वैद्यांना मात्र तुम्ही 'बरं वाटतंय' म्हणालात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

पुन्हा टोचून घेऊ नका. खरं काय ते लिहा. 'क्षेम' दिसलं, तर मी ते कोरं धरीन.

तुमचीच,
आश्लेषा