मशीन कोणाचंही असो

चेरीताल, जबलपूर
३ नोव्हेंबर १९९३

चि. सौ. शकु हिस,
अंबादासचे अनेक आशीर्वाद व जयभीम वि. वि.

तुझी विनता आयटीआयतून राज्याच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. टर्नरच्या, म्हणजे लेथवर लोखंड कातायच्या कामात एकटी मुलगी! संध्याकाळी माझ्या रिछाईच्या कारखान्यात लेथवर सराव करून राहिली. जेवायला हाका मारून तुझ्या वहिनीचा घसा बसतो, पण लेथचा आवाज जरा बदलला की पोरगी पाठमोरी असली तरी वळते. कान माझे घेतले, नाक मात्र वडिलांचं, रामरावांचं. त्याला माझा इलाज नाही.

स्पर्धा बावीस तारखेला. पहिल्या दोघांना देशाच्या स्पर्धेला पाठवतात. रामरावांना नीट वेळ पाहून सांग.

सगळ्यांवर माया आहेच, ती कळावी.
तुझा भाऊ अंबादास

हिंगणघाट
१० नोव्हेंबर

ती. भाऊस,
शकुचा सविनय जयभीम.

पत्र वाचून मी खुश, हे नाही. जिनिंगमध्ये यांच्या शेजारी काम करणाऱ्या तुळशीरामचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, तेव्हापासून मशीनचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. पोरीला काहून तिथं उभी केली म्हणून मलाच बोलतात. शेवटी एवढं कबूल झाले, की पहिल्या दोघांत आली तर राहू दे. नाही तर डिसेंबर लागताच घरी आणायची, मशीन कायमचं बंद. आर्वीचे पाहुणे तिला पाहायला तयारच आहेत. भाऊ, हे शब्दाचे पक्के. माझा जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या भरवशावर पोर पाठवली, आता तूच निभावून ने.

लोभ ठेवतोसच, जरा धीरही पाठव.
तुझी शकु

चेरीताल, जबलपूर
२३ नोव्हेंबर

चि. सौ. शकु हिस, आशीर्वाद.

आधीच सांगतो, विनता तिसरी आली. गोड करून लिहिणं मला जमत नाही. हे पत्र रामरावांना वाचून दाखव.

तुमची अट मी तिला सांगितली होती. ती फक्त अच्छा म्हणाली आणि टूलला धार लावत बसली. स्पर्धेच्या हॉलमध्ये लेथांची रांग, आम्ही बघे जाळीबाहेर. दुपारी तिचं आणि शेजारच्या लेथवरच्या भैयालालचं काम सगळ्यांच्या पुढे होतं. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो. तेवढ्यात कानावर बारीक टकटक आली. कुठल्या तरी चकमध्ये पकडलेला लोखंडाचा तुकडा ढिला होऊन राहिला होता. तो सुटला तर गोळीसारखा जातो. मी जाळी ठोकली, ओरडलो, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो! पाहतो तर विनतानं आपलं मशीन थांबवलं, धावत भैयालालकडे गेली आणि त्याच्या मशीनचं बटण दाबलं.

शकु, माझ्या कारखान्याची रीतच आहे. वाईट आवाज ज्याला आधी ऐकू आला त्यानं बटण दाबायचं, मशीन कोणाचंही असो. स्पर्धेत मात्र दुसऱ्याच्या मशीनला हात लावायची मनाई. भैयालाल खेकसला, दीदी पागल हो गई क्या म्हणून. परीक्षक धावले. मग त्यानं त्या तुकड्याला बोट लावलं, तर तो हलला. पोरानं तो पुन्हा घट्ट आवळला.

परीक्षकांनी तिला बाद केलं नाही, पण गेलेला वेळही दिला नाही. आटे पाडताना मशीन थांबलं की पुन्हा तीच खाच धरणं सोपं नसतं. तिचे शेवटचे आटे राहिले. भैयालालचं थोडंच उरलं होतं, तो दुसरा आला.

ती रडली नाही. कपडे भरून बसली आहे. शब्द मोडा असं मी म्हणणार नाही. तिला कधी आणू, कळव.
अंबादास

हिंगणघाट
३० नोव्हेंबर

ती. भाऊस, जयभीम.

पत्र यांना वाचून दाखवलं. मी बटणाच्या ओळीशी आले तेव्हा यांनी मला थांबवून तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग चपला घातल्या आणि पत्र घेऊन तुळशीरामकडे गेले. आल्यावर एवढंच म्हणाले, की तुळशीरामच्या वेळी बटण दाबायला कोणी धावलं नव्हतं. मग ताटावर बसले ते जेवूनच उठले.

आज आर्वीचे पाहुणे तारीख विचारायला आले. यांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की पोरगी पाहायची तर जबलपूरला रिछाईत जा, ती मशीनवर असेल. पाहुण्यांना वाटलं गंमत चालली आहे. त्यांनी शिलाई मशीन का म्हणून विचारलं. हे म्हणाले, लेथ. असं म्हणाले, जसं काही घरात पिढ्यानपिढ्या लेथच आहे!

पाहुणे येतील न येतील. आले तर बसायला खुर्ची दे. पण तिचं काम होईपर्यंत तिला हाक मारू नको, असा यांचा खास निरोप आहे.

तुझी शकु