प्रार्थनेत घेतलेलं नाव

कल्याण,
१७ जानेवारी २०२५

प्रिय उत्तरा,

संक्रांत झाली, तरी तिळगूळ घेऊन घोडबंदरला तुझ्याकडे आले नाही. आमच्या विश्रामरावांचा गुडघा दुखतोय असं फोनवर सांगितलं. तो खरंच दुखतोय. लाडू केलेत, पण यंदा पाक जरा पुढे गेला. तुझा नातू अद्वय आता चालायला लागला असेल ना?

हल्ली आपल्या लहानपणच्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस मला सतत आठवतात. आपण आठवीत होतो, माझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते. सिस्टरनी सकाळच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं आणि सगळ्या शाळेने डोळे मिटले. मधल्या सुट्टीत तू तुझा डबा माझ्यापुढे सरकवलास आणि स्वतः उपाशी राहिलीस. म्हणून मुख्याध्यापिका झाल्यावर तू ती पद्धत तुझ्या शाळेत आणलीस, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आजारी मुलाचं नाव, परीक्षेला बसणाऱ्याचं नाव.

आणि मग तू पायलचं नाव घेतलंस.

मी निवृत्त झाल्यावर तूच मला बोलावून घेतलंस, लायब्ररीशेजारची खोली दिलीस. "मुलांचं ऐकायला कोणीतरी हवं गं," म्हणालीस. नववीतली ही पोर त्या खोलीत किती दिवस नुसती बसून जायची. एकदा म्हणाली, "मॅम, मला जगावंसंच वाटत नाही." मी तिला जवळ घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की हे मी एकटीजवळ ठेवणार नाही. मोठ्या बाई, तिचे आईबाबा आणि डॉक्टर यांना सांगावंच लागेल. बाकी कुणाला कळणार नाही. तिने बराच वेळ विचार करून मान हलवली. तिने हो म्हटलं, म्हणून मी तुझ्या केबिनमध्ये आले.

दुसऱ्याच दिवशी तू माइकवर म्हणालीस, "आपल्या पायलला जगणं नकोसं झालंय, आपण तिच्यासाठी प्रार्थना करूया."

तुझा आवाज भरून आला होता. तू दुष्टपणाने केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा पायलचे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मधल्या सुट्टीत मुलं तिला विचारत होती, "अरे, आज जिंदा है क्या?"

एवढं झालं तरी मी तुझी बाजू घेतली असती. शहाडला तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आजी शकूबाई ओट्यावर उभी राहून म्हणाली, "काय गो म्यॅडम, देवाला सांगाला माइक लागतो?" तेव्हाही मी म्हणाले, आमच्या बाईंचा हेतू चांगला होता.

पण कमलेश, तिचे वडील, शाळेत आले आणि "माझ्या मुलीचं नाव घ्यायचं कोणी ठरवलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "सरोजनेच सुचवलं." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते, उत्तरा. मी "नाही" म्हणाले. तर तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि त्यांना म्हणालीस, "सरोज हळवी आहे हो, तिचा गोंधळ होतो."

माझा हात अजून तुझ्या हाताखालून निघालेला नाही, असं वाटतं.

पायल सुखरूप आहे. तिची आई रुपाली तिला एकटं सोडत नाही, ठाण्याला डॉक्टरांकडे नेते. पण पोर तिथेही तोंड उघडत नाही. आईला म्हणाली, "एका मॅमला सांगितलं, तर अख्ख्या शाळेला कळलं. आता कोणालाच सांगणार नाही." तुझी बदनामी होईल की नाही याचा विचार तू केलास, ही पोर पुन्हा त्या अंधारात गेली तर हाक कुणाला मारणार, याचा केला नाहीस.

तेव्हा तू शहाडला जा. ट्रस्टींना, शिपायाला, कुणालाही सोबत नेऊ नकोस. पायलसमोर बसून सांग की ते तू ठरवलंस, मी नव्हे. ती दार लावून घेईल, शकूबाई बोलेल. ऐकून घे. माझ्या नावासाठी हे मागत नाही. एका मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळला होता, एवढं तिला कळलं, तर ती निदान डॉक्टरांशी बोलेल.

मी खोलीची किल्ली ऑफिसात ठेवून आलेय. तू गेलीस किंवा नाही गेलीस, तरी मी रोज संध्याकाळी शहाडला जाणार आहे, त्यांच्या ओट्यावर बसणार आहे. आपल्या मैत्रीचं काय करायचं, ते पायल बोलायला लागल्यावर मला विचार. त्याआधी नको.

सरोज